त्या पत्रांना जाप (उत्तर) कोणी दिली?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात एका पालकांचे पत्र प्रसिद्ध झाले. गावोगावच्या वाचनालयांत हल्ली मुलांच्या हाती इंग्रजी सुपरहिरोंची चित्रपुस्तके पडतात, त्यांतील काहींत अलौकिक बुद्धीची दहा-बारा वर्षांची मुलेच खलनायक म्हणून रंगवलेली असतात, अशा पुस्तकांमुळे हुशार मुलांच्या मनात मोठ्यांविषयी तिरस्कार रुजतो, म्हणून ती कपाटातून काढून टाकावीत, अशी त्यांची मागणी होती. पत्रात वाचनालयाचे नाव नव्हते. परंतु ज्या पुस्तकाचे वर्णन त्यांनी केले आहे ते आमच्या गावच्या वाचनालयातील आहे, आणि रविवारी सकाळी ते मुलांना समजावून सांगणारी शिक्षिका मीच आहे. पत्र छापून आल्यावर दोन दिवसांत समितीने त्या कपाटाला कुलूप लावले. मुलांना कारण सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली, आणि ते सांगताना मला जे सुचले नाही ते आज आपल्यामार्फत त्या पालकांना, समितीला आणि इतर वाचकांना सांगावे असे वाटते.

मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गेली काही वर्षे दर रविवारी वाचनालयात पंधरा-वीस मुले जमतात. त्यांच्या घरी कोकणी, शाळेत इंग्रजी आणि वाचनालयात मराठी असा तीन भाषांचा व्यवहार ती सहज करतात. गावातील एका तारवटी कुटुंबाने घराची डागडुजी करताना जहाजावरच्या नोकरीत ठिकठिकाणच्या बंदरांतून जमवलेली चित्रपुस्तके खोके भरून आम्हाला दिली. मी इंग्रजी मजकूर वाचते, मराठीत सांगते, आणि चित्रे हातोहात फिरतात. त्या खोक्यातील बरीच पुस्तके मी बाजूला काढून ठेवली, कारण ती मुलांच्या वयाला साजेशी नव्हती. निवड न करता काहीही वाचायला द्यावे असे माझे म्हणणे नाही, आणि पालकांच्या काळजीला मी क्षुल्लकही मानत नाही. मूल काय वाचते याकडे लक्ष देणारा पालक आज दुर्मीळ आहे. मतभेद आहे तो त्या पुस्तकात नेमके काय लिहिले आहे, याविषयी.

पालकांनी ज्याचा उल्लेख केला तो मुलगा म्हणजे लॉनी मॅकिन, बॅटमॅनच्या गॉथम शहरात राहणारा, वय वर्षे १२. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या मासिकाच्या नोव्हेंबर १९८९ च्या, म्हणजे ६०८ व्या अंकात तो पहिल्यांदा अवतरला. लेखक अ‍ॅलन ग्रँट आणि चित्रकार नॉर्म ब्रेफोगल हे दोघेही आज हयात नाहीत. हा मुलगा लाल झगा आणि सोनेरी मुखवटा घालून 'अ‍ॅनार्की' या नावाने शहरात वावरतो. तो प्रौढ माणसाएवढा उंच दिसावा म्हणून मुखवट्याखाली त्याने खोटे डोके आणि मान बसवलेली असते. हातात विजेचा धक्का देणारा दंड असतो. शहरातील ज्यांनी लोकांचे नुकसान केले आहे असे त्याला वाटते त्यांना तो एकेक करून गाठतो आणि शिक्षा करतो. त्यात अमली पदार्थ विकणारा एक गायक आहे, ज्याच्या कारखान्याची घाण नदीत जाते असा एक उद्योगपती आहे, आणि जिच्या नव्या इमारतीसाठी गरिबांची वस्ती पाडली गेली अशी एक बँक आहे. त्या बँकेविरुद्ध तो बेघर माणसांना चिथावून दंगल घडवतो. बॅटमॅनला आधी मुलाच्या वडिलांचाच संशय येतो, आणि मुखवट्याखालचा चेहरा उघडा पडतो तेव्हा समोर शाळकरी मुलगा निघतो. त्याची रवानगी बालसुधारगृहात होते.

संपादक महोदय, हे सारे मी आपल्यालाच उद्देशून लिहिते त्याला कारण आहे. या कथेच्या पहिल्या भागाचे शीर्षक मराठीत सांगायचे तर 'संपादकांस पत्रे' असे होते. लॉनी आपली सावजे कोठून निवडतो? शहराच्या वृत्तपत्रात छापून येणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून. माणसे आपले गाऱ्हाणे लिहून पाठवतात, वृत्तपत्र ते छापते, शहर वाचते आणि पुढचे पान उलटते. एक मुलगा मात्र पान उलटत नाही. छापलेले प्रत्येक पत्र कोणीतरी उत्तर द्यावे म्हणून लिहिलेले असते, एवढी साधी गोष्ट तो खरी मानतो, आणि उत्तर देणारा कोणी पुढे येत नाही हे पाहून तो स्वतः उत्तर द्यायला निघतो. त्याचे उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे हे कथाही सांगते. पण त्याने पत्रे वाचली यात चूक काय होती, हे मला त्या पालकांना विचारायचे आहे.

पुढे १९९० च्या दशकातील एका कथेत या मुलाची आणखी पूर्वपीठिका येते. अकराव्या वर्षी त्याला परदेशातील एक पत्रमित्र मिळतो आणि त्याच्या पत्रांतून जगातील सत्ताधाऱ्यांचा भ्रष्टाचार त्याला कळू लागतो. बालसुधारगृहात असतानाही तो संगणकावरून बड्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या खात्यांतील पैसा गरीब देशांतील शेतकऱ्यांकडे वळवतो, आणि त्याला पकडतो तो त्याच्यासारखाच एक हुशार मुलगा, टिम ड्रेक, जो पुढे बॅटमॅनचा साथीदार रॉबिन होतो. पैशाचा, कीर्तीचा किंवा सूडाचा मोह लॉनीला नाही. त्यामुळेच मोठ्यांना तो जास्त घाबरवतो, आणि त्यामुळेच मी त्याची गोष्ट मुलांसाठी निवडली.

त्या रविवारी काय घडले ते सांगते, कारण पालकांच्या पत्रात ते आले नाही. नदीत घाण सोडणाऱ्या कारखान्याचे पान फिरत असताना सातवीतील एका मुलाने ते बराच वेळ हातात धरून ठेवले. त्याचे आजोळ डिचोली तालुक्यात आहे. खाणीच्या ढिगाऱ्यावरची माती पावसाळ्यात व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरते, पाणी तांबडे होते, शेतात गाळ बसतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. गोव्यातील खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, या साऱ्या उलथापालथीवर त्याच्या आजोबांनी वृत्तपत्रांना आणि सरकारी कार्यालयांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रती घरी एका पत्र्याच्या पेटीत आहेत, असे त्याने सांगितले. आणि मग त्याने मला जो प्रश्न विचारला तो त्याच्याच शब्दांत लिहिते: "टीचर, त्या पत्रांक कोणें जाप दिली?"

त्याला गॉथममधील पत्रे अभिप्रेत होती की आजोबांची, हे मी विचारले नाही. दोन्हींचे उत्तर माझ्याजवळ एकच होते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षिकेने ते बारा वर्षांच्या मुलाला सांगणे सोपे नव्हते.

त्यानंतरची चर्चा पाऊण तास चालली. एकाने लॉनीची बाजू घेतली, दोघांनी त्याला विरोध केला. आठवीतील एक मुलगी म्हणाली की ज्या बेघर माणसांसाठी तो भांडतो त्यांनाच त्याने दंगलीत पुढे केले, आणि पोलिसांची पहिली काठी त्यांच्याच पाठीवर पडणार. तो मुलगा हुशार असेल, पण त्याने त्यांना विचारले का? हे त्या मुलीचे म्हणणे मी वहीत लिहून ठेवले आहे. हिंसेच्या मार्गात काय दोष आहे हे मी फळ्यावर लिहून शिकवले असते तर त्यांनी ते उतरवून घेऊन परीक्षेनंतर विसरून टाकले असते. पालकांना ज्या पुस्तकातून मोठ्यांविषयीचा तिरस्कार रुजेल अशी भीती वाटते, त्याच पुस्तकाने या मुलीला मोठ्या माणसांच्या राजकारणातील एक जुनी चूक ओळखायला शिकवली.

अलौकिक बुद्धीचे बालखलनायक या चित्रकथांत बरेच आहेत आणि ते सारे लॉनीच्या तोलाचे नाहीत. तरी त्यांतील एक गोष्ट मी या रविवारी सांगणार होते आणि कुलूप पडल्याने ती राहून गेली. ती आहे सुपरमॅनचा आजन्म शत्रू लेक्स लूथर याच्या मुलपणाची. लूथर हे पात्र १९४० पासून आहे, पण तो वाईट का झाला हे एप्रिल १९६० मध्ये 'अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स'च्या २७१ व्या अंकात सांगितले गेले, आणि ते सांगणारे जेरी सीगल हे सुपरमॅनच्या दोन मूळ जनकांपैकी एक होते. स्मॉलव्हिल नावाच्या गावात शेतावर राहणारा हा बुद्धिमान मुलगा सुपरबॉयचा, म्हणजे किशोरवयातील सुपरमॅनचा, भक्त असतो. क्रिप्टोनाइट या सुपरबॉयला घातक असणाऱ्या खनिजाच्या संकटातून तो त्याचा जीव वाचवतो. उपकाराची फेड म्हणून सुपरबॉय त्याला एक प्रयोगशाळा बांधून देतो. तेथे हा मुलगा रसायनांतून जिवंत पेशीद्रव्य निर्माण करतो, सुपरबॉयला क्रिप्टोनाइटपासून वाचवणारा उतारा शोधत असतो, आणि आनंदाच्या भरात त्याच्या हातून रसायने सांडून आग लागते. सुपरबॉय बाहेरूनच जोराची फुंकर मारून आग विझवतो. मुलगा वाचतो, पण उडालेल्या रसायनांनी त्याचे केस कायमचे जातात, आणि त्याने निर्माण केलेले ते जिवंत द्रव्य आणि तो उतारा, दोन्ही नष्ट होतात. सुपरबॉयने हे मत्सरापोटी मुद्दाम केले असे त्याच्या मनाने घेतले, आणि ते कधी पुसले गेले नाही.

केसांवरून एवढे वैर, म्हणून या गोष्टीला पुष्कळ लोक हसतात. विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारखीला त्यात केस दिसत नाहीत. वर्षभर खपून केलेला प्रयोग दुसऱ्याच्या चांगल्या हेतूच्या एका फुंकरीने नाहीसा झालेला मुलगा दिसतो. विज्ञान प्रदर्शनासाठी केलेली प्रतिकृती शाळेच्या सफाईत फेकली गेल्यावर दोन महिने माझ्याशी न बोललेला एक विद्यार्थी मला आठवतो. त्याच्याजवळ जाऊन बसायला मी उशीर केला होता. स्मॉलव्हिलच्या कथेत सुपरबॉय आहे, प्रयोगशाळा आहे, टाळ्या वाजवणारे गाव आहे, परंतु त्या मुलाजवळ बसून "तुझे किती गेले ते मला कळते" असे म्हणणारे मोठे माणूस मला त्यात सापडले नाही. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये आलेल्या एका कथेत तर त्याच्या आईवडिलांनी काय केले तेही सांगितले आहे. त्यांनी गाव सोडले, लूथर या आडनावाची अक्षरे फिरवून थोरुल असे नवे आडनाव घेतले, आणि धाकट्या मुलीला तुझा भाऊ मेला असे सांगितले.

हे वाचताना मराठी माणसाला आपल्या घरातील दुसरा एक मुलगा आठवल्यावाचून राहत नाही. समाजाने दूर लोटलेल्या, मनाला लागून झोपडीचे दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना ताटी उघडायला लावली ती धाकट्या मुक्ताईने. लहानपणी मला त्या प्रसंगातले मोठेपण ज्ञानेश्वरांचे वाटे. आज दारात उभ्या राहिलेल्या मुलीचे वाटते. लूथरलाही धाकटी बहीण होती. तिला दारापर्यंत येऊच दिले गेले नाही.

मी या चित्रकथांची सरसकट वकिली करीत नाही. त्या व्यवसायाने मुलांच्या बाबतीत जे केले त्यातील काही गोष्टी मला अतिशय खटकतात. १९८८ मध्ये जेसन टॉड या किशोरवयीन रॉबिनने जगावे की मरावे हे ठरवण्यासाठी वाचकांचे दूरध्वनीवरून मतदान घेतले गेले, आणि ५,२७१ विरुद्ध ५,३४३ मतांनी त्या पात्राला मारले गेले. हे मी मुलांना सांगितले नाही. त्याचप्रमाणे २०११ मधील, एक्स-मेन या अलौकिक शक्तीच्या नायकांच्या मालिकेतील केड किलगोर हा १२ वर्षांचा शस्त्रव्यापारी मला पोकळ वाटतो. बापाला मारून कंपनी ताब्यात घेणे आणि घाबरलेल्या सरकारांना महाकाय यंत्रमानव विकणे एवढेच त्याचे कर्तृत्व, आणि त्याच्या मनात मुलाचा असा एकही प्रश्न नाही. तो छोट्या अंगरख्यातला मोठा माणूस आहे. तरीही त्याच कथेत इडी ओकोंक्वो नावाची १४ वर्षांची नायजेरियन मुलगी आहे. ओलीस धरलेल्यांना वाचवण्यासाठी तिने माणसे मारावीत की नाही, यावरून सायक्लॉप्स आणि वूल्व्हरिन या एक्स-मेनमधील जुन्या सहकाऱ्यांची फारकत होते, आणि वूल्व्हरिन मुलांसाठी वेगळी शाळा काढतो. मुलांना युद्धात उतरवायचे की वर्गात बसवायचे हा प्रश्न तेथे खलनायकाला नाही, नायकांना विचारलेला आहे. पालकांनी भीती व्यक्त केली आहे तशी मोठ्यांची बदनामी या कथांत असेल तर ती अशी आहे, आणि ती आपण ऐकून घेतली पाहिजे असे मला वाटते. ज्यांना हुशार मुलाची केवळ उजळ बाजू हवी त्यांच्यासाठी २०१५ पासून ल्युनेला लाफाएट नावाची नऊ वर्षांची नायिकाही आहे. आमच्या मुलींना ती फार आवडली. पण ती आवडण्यासाठी लॉनीला कपाटात कोंडण्याची गरज पडली नाही.

कुलपाचा मार्ग याआधी एका मोठ्या देशाने चोखाळून पाहिला आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्यानुसार प्रत्येक कथेत सुष्टाचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा होणे बंधनकारक झाले. पुढे अनेक दशके ती संहिता या ना त्या रूपात टिकली. २०१२ मध्ये कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या संशोधिकेने वर्थॅम यांची मूळ टिपणे तपासून दाखवून दिले की मुलांच्या मुलाखतींतील मजकूर त्यांनी अनेक ठिकाणी बदलला, जोडला किंवा वगळला होता. ज्या मुलांच्या नावाने एवढा गदारोळ झाला त्यांचे म्हणणे नीट ऐकलेच गेले नव्हते, ही त्यातील मला सर्वांत दुःखद वाटणारी बाब आहे. आमच्या समितीनेही कुलूप लावण्यापूर्वी त्या पंधरा-वीस मुलांपैकी एकालाही काही विचारले नाही.

आमच्या पिढीनेही हेच ऐकले होते. इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ मराठीतून वाचताना "अभ्यास सोडून ही चित्रे कसली पाहता" असे आम्हाला बजावले जाई. ज्या गोव्यात वेताळ हे कितीतरी गावांचे दैवत आहे तेथे आफ्रिकेच्या जंगलातला मुखवटाधारी वेताळ मुलांना परका वाटला नाही, यात नवल नव्हते.

आणि खलनायकाच्या गौरवाचाच आक्षेप असेल, तर तो गोव्यात दर दिवाळीला निघतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात, त्यांच्या स्पर्धा होतात, कृष्णापेक्षा असुराचेच कौतुक अधिक होते अशी टीका आपल्याच पानांवर मी वाचली आहे. त्यातील गोंगाटाविषयीची तक्रार मला मान्य आहे. पण लहानपणी आमच्या वाड्यावर नरकासुर कसा होई ते मला आठवते. गवत, जुने कपडे, कागदाचा लगदा, आणि रात्रभर आमच्यासोबत जागणारे दोन-तीन काका. मुखवट्याला दात बसवता बसवता ते आम्हाला सांगत की हा भूमीचा पोरगा, आईच्या लाडाचा, पण वाईट संगतीला लागला. पहाटे कोणाचा तरी सहा वर्षांचा मुलगा कृष्ण होऊन पुठ्ठ्याचे चक्र फेकी आणि असुर पेटे. घरी जाऊन पोहे खाताना आम्हाला त्या पेटलेल्या असुराचे थोडे वाईटही वाटे. आमच्यापैकी कोणी त्यामुळे असुर झाले नाही. मुखवटा करताना कोणीतरी मोठे माणूस बाजूला बसलेले होते, एवढाच त्या रात्रीचा आणि आजच्या चित्रपुस्तकाचा फरक आहे, कारण आजचे मूल ते पुस्तक घरात एकटेच वाचते. पालकांची खरी तक्रार याच्याविषयी असेल, तर मी त्यांच्या बाजूची आहे. त्यांनी रविवारी येऊन आमच्यासोबत बसावे, असे मी त्यांना मनापासून सुचवते. त्यांचा मुलगा अतिशय चांगले प्रश्न विचारतो.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्याकडे येते. चित्रकथांच्या इतिहासात एक खरा प्रसंग आहे, आणि तो मी मुलांना लॉनीच्या गोष्टीला जोडून सांगितला. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जिम शूटर नावाचा १३ वर्षांचा मुलगा होता. घरी पैशाची चणचण होती. त्याने सुपरहिरोंच्या कथा स्वतः लिहून, चित्रांचे आराखडे काढून, १९६५ मध्ये सुपरमॅन-बॅटमॅनच्या कथा छापणाऱ्या न्यूयॉर्कच्या डीसी कॉमिक्सकडे टपालाने पाठवल्या. तेथील संपादक मॉर्ट वायसिंगर यांनी त्या वाचल्या, उत्तर दिले, आणि विकत घेतल्या. १९६६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याची कथा छापून आली. पुढे १९७८ मध्ये तोच मुलगा प्रतिस्पर्धी मार्व्हल कॉमिक्सचा मुख्य संपादक झाला. वायसिंगर हे स्वभावाने कठोर होते आणि त्यांनी या मुलालाही पुष्कळ छळले, हे खुद्द शूटर यांनी नंतर सांगितले आहे, तेव्हा त्यांना आदर्श म्हणून मी पुढे करीत नाही. पण त्यांनी लिफाफा उघडला. गॉथममधील काल्पनिक मुलगा वृत्तपत्रात उत्तर शोधत राहिला आणि पिट्सबर्गमधील खऱ्या मुलाला ते टपालाने घरी आले, या दोन गोष्टी मुलांनी आपणहून शेजारी शेजारी ठेवल्या.

त्याच दिवशी त्यांनी ठरवले की आपणही पत्र लिहायचे. आमच्या वाड्यावरून शाळेकडे जाताना व्हाळावर एक साकव, म्हणजे छोटा पूल, लागतो. त्याचा एका बाजूचा कठडा मागच्या पावसाळ्यात वाहून गेला आहे आणि पाणी चढले की लहान मुलांना हात धरून पलीकडे न्यावे लागते. मुलांनी साकवाची लांबी-रुंदी दोरीने मोजली, तुटलेल्या भागाचे चित्र काढले, पाणी किती चढते याच्या खुणा दगडावर करून महिनाभर नोंदी ठेवल्या, आणि सुवाच्य अक्षरात पत्र लिहून संबंधित कार्यालयात स्वतः नेऊन दिले. पोच मागावी हे मी शिकवले होते. ती त्यांनी मागितली आणि त्यांना मिळाली. त्याला आता आठ महिने होत आले. उत्तर नाही. एकदा दोन मुले विचारायला गेली तेव्हा "मोठ्यांना पाठवा" असे सांगून त्यांना परत लावले गेले. त्या दोघांपैकी एकाने परतताना मला सहज विचारले की, टीचर, लॉनीने उंच दिसायला खोटे डोके लावले ते यासाठीच ना? इतक्या वेळा ती कथा वाचूनही मला जे दिसले नव्हते ते त्याला त्या दारात उभे राहून दिसले.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आमच्या वाचनालयाच्या समितीला: कपाटाची किल्ली मला द्यावी, पुस्तकांची निवड पालकांच्या संमतीने व्हावी आणि त्या बैठकीत मुलांचे दोन प्रतिनिधी असावेत. आक्षेप असलेले पुस्तक मी प्रथम आक्षेप घेणाऱ्यांसमोर पूर्ण वाचून दाखवीन, मग त्यांनी ठरवावे.

दुसरी विनंती आपल्याला आहे. आपल्या पत्रांच्या सदरात आठवड्यातून एक चौकट चौदा वर्षांखालील वाचकांसाठी राखून ठेवावी. मुलांच्या कविता आणि चित्रे आपण रविवारच्या पुरवणीत छापता आणि ते स्वागतार्ह आहे. मी मागते ती जागा त्यांच्या तक्रारींसाठी आहे, मोठ्यांच्या पत्रांच्या शेजारी, त्याच टाईपात. आणि ज्या कार्यालयाविषयी पत्र असेल त्याच्याकडून आपल्या वार्ताहराने विचारणा करून उत्तर मिळवावे, ते पत्राखाली छापावे. उत्तर आले नाही, तर किती दिवसांत आले नाही तेही छापावे. आपल्या वार्ताहरांवर कामाचा भार असतो हे मी जाणते, तरी आठवड्याला एक दूरध्वनी एवढीच ही मागणी आहे.

या पत्रासोबत मुलांची तीन पत्रे जोडली आहेत. पहिले साकवाचे आहे, मोजमापांसह. दुसरे शाळेच्या वेळेला न थांबणाऱ्या बसविषयी आहे. तिसरे डिचोलीच्या व्हाळाविषयी असून त्याला त्या मुलाने आजोबांच्या पेटीतील एका जुन्या पत्राची प्रत जोडली आहे, आणि आजोबांच्या सहीखाली आपली सही केली आहे. यांतील शुद्धलेखनाच्या चुका मी मुद्दाम सुधारलेल्या नाहीत. मुले दर रविवारी नऊ वाजता वाचनालयात येतात, आणि आपले वृत्तपत्र तेथे त्याआधीच पोहोचलेले असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
फोंडा, गोवा